मामा साइन आउट करत नाहीत

दारात आलेल्याला 'नाही' म्हणणं ज्याला या जन्मात जमलं नाही आणि पुढच्या जन्मीही जमण्याची चिन्हं नाहीत, असा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि ते म्हणजे माझे मामेसासरे. दार कुठलंही असो. बेंगळुरूमधल्या के. आर. पुरमच्या त्यांच्या घराचं हिरवं लोखंडी फाटक असो, की टेबलावरच्या कंप्युटरवर ध्यानीमनी नसताना उघडणारी आणि 'साइन इन करा' म्हणणारी चौकट असो, मामांच्या लेखी दोन्ही सारखीच. चौकट उघडली की मामा आधी चष्मा पुसतात, शर्टाचं वरचं बटण लावतात आणि मग मोठ्याने विचारतात, "यारु? कोण आहे?" यारु म्हणजे कन्नडमध्ये कोण. मामांचं घराणं कधीकाळी कुठल्यातरी घोडदळाबरोबर या मुलखात आलं आणि परत जायचं राहूनच गेलं. तेव्हापासून त्यांच्याकडे मराठी घरात बोलतात आणि कन्नड दारात. कंप्युटर घरात असला तरी चौकटी बाहेरून येतात, म्हणून त्यांच्याशी पहिला प्रश्न कन्नडमधून. हे मला मामांनीच समजावून सांगितलं, आणि त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काय आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मी मूळची सांगलीची. लग्न करून बेंगळुरूला आले आणि व्हाइटफील्डच्या एका कंपनीत लागले. तिथे मी नवीन माणसं निवडण्याच्या खात्यात आहे. कंप्युटर दुरुस्त करण्याशी माझा संबंध इतकाच, की माझाही अधूनमधून बिघडतो. पण सासरच्या मंडळींना हे पटवणं मला आजवर साधलेलं नाही. व्हाइटफील्डला नोकरी, गळ्यात ओळखपत्र आणि पाठीवर लॅपटॉपची पिशवी एवढ्या पुराव्यावर त्यांनी मला कंप्युटरची डॉक्टर करून टाकलं, आणि मामा माझे सर्वांत निष्ठावान रुग्ण झाले. रविवारी सकाळी माझा फोन वाजला की नवरा न बघताच सांगतो, "मामा." मी फोन उचलते, आणि पलीकडून पहिलं वाक्य येतं, "सूनबाई, जेवलीस का?" सकाळचे आठ का वाजलेले असेनात. जेवणाची चौकशी झाल्याशिवाय कामाचं बोलणं त्यांच्या रीतीत बसत नाही.

कंप्युटरला नुसतं कंप्युटर म्हणणं मामांना उद्धटपणाचं वाटतं. त्यांच्याकडे जो पहिला कंप्युटर होता, टेबलाखाली मोठा पत्र्याचा डबा असलेला, त्याचं नाव 'थोरली'. नंतर लॅपटॉप आला, ती 'धाकटी'. छपाईचं यंत्र मनात येईल तेव्हाच चालतं, म्हणून त्याला 'जावई' म्हणतात. सगळ्यांना रोज सकाळी पुसून घेतात आणि चालू करण्याआधी "चल गं बाई" म्हणतात. एकदा धाकटीने 'नवीन सुधारणा आल्या आहेत, आत्ता बसवू की नंतर?' असं विचारलं. मामांना कॉफीची तलफ आली होती, पण 'नंतर' दाबायला त्यांचं मन होईना. शेवटी त्यांनी हात जोडून "स्वल्प थांब गं, कॉफी घेऊन आलोच" असं तिला सांगितलं आणि मग दाबलं. आणखी एकदा एका चौकटीने त्यांना 'मी यंत्रमानव नाही' यापुढे खूण करायला सांगितली. तेव्हा मात्र मामा दुखावले. "माणसाला असं तोंडावर विचारतात का गं?" म्हणाले. त्यानंतर ज्या चित्रांत बस आहे ती निवडायची होती. एका चित्रात माणसांनी गच्च भरलेला टेंपो होता. मामांनी तोही निवडला, चौकटीने तो नाकारला, आणि मामांनी पुन्हा तोच निवडला. "आमच्या इथे यातूनच लोक जातात-येतात, त्याला मी काय करू?" हा त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही.

पासवर्डची गोष्ट तर विचारूच नका. समोर माणसं बसलेली असताना कुजबुजणं हा असभ्यपणा आहे, असं मामांना लहानपणी शिकवलेलं, आणि लहानपणी शिकवलेलं ते विसरत नाहीत. त्यामुळे पासवर्ड टाकताना प्रत्येक अक्षर ते खणखणीत उच्चारतात. खिडकी रस्त्यावर, रस्ता अरुंद, मामांचा आवाज देवळात आरती म्हणून कमावलेला. परिणाम असा झाला की गल्लीतल्या सगळ्यांना मामांचा पासवर्ड तोंडपाठ झाला, फक्त मामांना तो आठवेना. एकदा मी समोर असतानाच ते शेवटच्या अक्षरांपाशी अडले. फाटकाशी मोगऱ्याचे गजरे विकणारी अक्का उभी होती. तिने गजऱ्याची मोळं, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतची मापं, मोजता मोजता, मान वरही न करता, उरलेली अक्षरं सांगून टाकली. मामा खूश झाले. "बघ, किती माया आहे लोकांची," असं मला म्हणाले. मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं, तेव्हा त्याने कपाळाला हात लावला.

पण मामांचा खरा विक्षिप्तपणा यातला एकही नाही. तो एका शब्दात आहे. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपण सगळेच पाळतो, निदान आई ऐकत असली तर पाळतो. कन्नडमध्येही तीच रीत आहे, 'होगि बर्तीनि' म्हणजे जाऊन येतो. मामांनी मात्र ही रीत अख्ख्या के. आर. पुरमकडून पाळून घ्यायचा विडा उचललेला आहे. सिलिंडर आणणारा, वर्तमानपत्रवाला, मीटर बघायला येणारा, सगळे मामांच्या फाटकातून बाहेर पडताना नीट शब्द उच्चारूनच पडतात. एकदा नळ दुरुस्त करायला नवाच माणूस आला होता. त्याला कल्पना नसल्यामुळे तो नुसतंच "होगतीनि सार", म्हणजे जातो साहेब, म्हणून निघाला. मामा चप्पल न घालता त्याच्या मागे गेले, कोपऱ्यावरून त्याला परत आणलं, फाटकाच्या आत उभं केलं आणि योग्य शब्द म्हणवून घेऊन मगच सोडलं. तासाभरात नळ पुन्हा गळायला लागला आणि त्याला पुन्हा यावंच लागलं. मामा आजही हे उदाहरण पुरावा म्हणून देतात.

आता कंप्युटरवर 'साइन आउट' नावाचं जे बटण असतं, ते मामांच्या मते 'जातो' म्हणण्याचंच बटण. त्यामुळे मामा कुठूनही कधीही साइन आउट करत नाहीत. वाचनालयात, झेरॉक्सच्या दुकानात, डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत, जिथे जिथे त्यांनी एकदा आपलं खातं उघडलं तिथे तिथे ते अजून उघडंच आहे. "साइन इन केलं म्हणजे त्या घरात पाऊल ठेवलं," ते म्हणतात, "आता तोंड वर करून जातो कसं म्हणायचं?" मी सुरक्षितता, चोरी, खाजगीपण या विषयांवर त्यांना बरंच ऐकवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मला चकली खायला दिली.

यावर आम्ही सगळे हसतो, पण मामींसमोर कोणी हसत नाही. माझ्या सासूबाई, म्हणजे मामांची मधली बहीण, दवाखान्यात निघताना रिक्षात बसून "जाते रे" म्हणाल्या होत्या. घाईत माणूस म्हणतं तसं. मामा तेव्हा फाटकाशी उभे होते, त्यांनी ऐकलं, आणि 'येते म्हण' हे सांगायच्या आत रिक्षा निघून गेली. सासूबाई परत आल्या नाहीत. मामांचं हे वेड त्याआधीचंच, पण त्याच्यात खेळ होता तो त्या दिवसापासून संपला, असं मामींनी मला एकदा भाजी निवडताना सांगितलं.

आणि तरीही घरात एक माणूस असा होता की जो मामांना या बाबतीत जुमानत नसे. मामांचे थोरले भाऊ. त्यांना सगळेच अण्णा म्हणतात, मीही अण्णाच म्हणते. अण्णांची सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. गॅसचा खटका दोनदा बघायचा, कुलूप लावलं की ओढून बघायचं, आणि कंप्युटर बंद करण्याआधी न चुकता साइन आउट करायचं, असा त्यांचा खाक्या. पत्नी वारल्यापासून अण्णा मामांच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायचे, आणि थोरली ही दोघांत मिळून एक होती. अण्णा रोज संध्याकाळी साइन आउट करत आणि मामा रोज सकाळी त्यावरून रुसत.

"अरे, मशीन आहे ते," अण्णा म्हणायचे. "त्याला जातो म्हटलं काय, येतो म्हटलं काय."

"मग येतो म्हण की."

"बटणावर तसं लिहिलेलं नाही."

हा संवाद मी स्वतः इतक्या वेळा ऐकलाय की मला त्यातले श्वास घ्यायच्या जागाही पाठ आहेत. वरवर तरी सगळं गमतीत चाललं होतं. मग अण्णांची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, यशवंतपूरला, नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, आणि अण्णा आठवडाभर तिच्याकडे निघाले. निघताना पुन्हा साइन आउटवरून जुंपली, या वेळी जरा जास्तच. अण्णा पिशवी घेऊन फाटकाबाहेर गेले, मागे वळले आणि म्हणाले, "हे बघ, जातो. जातो. जातो. बघू काय होतं ते." आणि रिक्षात बसले.

काहीच झालं नाही, फक्त अण्णा परत आले नाहीत. आठवडा झाला, महिना झाला. "शब्द त्याने टाकलाय, त्यानेच उचलावा," असं मामा म्हणत. "त्याने बोलावलं तर येईन," असं अण्णा म्हणत. हे निरोप मामी फोनवरून इकडचे तिकडे करायच्या, पण एके दिवशी मामा म्हणाले, "आयतु, झालं. त्याचं नाव आता माझ्यासमोर काढू नकोस." मामींनी नाव काढणं बंद केलं. नातेवाईकांत सगळे म्हणत की मामा चिडलेत. मला तसं कधीच वाटलं नाही. मामा घाबरले होते. तीनदा उच्चारलेल्या त्या शब्दाला ते इतके घाबरले होते, की आपण बोलावलं आणि तरीही अण्णा आले नाहीत तर, या विचाराने त्यांना फोन उचलवत नव्हता.

त्याच सुमाराला त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. थोरली टेंपोत घालून यशवंतपूरला पाठवून दिली. "ती थोरल्याची आहे, थोरल्याकडे असू दे," एवढंच कारण दिलं. अर्थात साइन आउट न करता पाठवली. स्वतःसाठी धाकटी आणली. आणि मग त्यांना फोटोंचा नाद लागला. रोज सकाळी उठून फोनवर फोटो काढायचे. इडलीचा, कॉफीच्या लोट्याचा, दारातल्या रांगोळीचा, पण सगळ्यांत जास्त मागच्या अंगणातल्या पेरूचा. तो पेरू अण्णांनी लावलेला. त्याला फूल आलं, फोटो. बारकं फळ धरलं, फोटो. पोपटाने कोरलं, फोटो. हे सगळे फोटो आपोआप त्यांच्या खात्यात जाऊन बसत. "कोणाला दाखवायला काढता?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "कोणाला कशाला? असावेत." मी पुढे काही विचारलं नाही.

असं दोनेक वर्षं चाललं. मग गजरेवाल्या अक्काची गोष्ट ऐकून अस्वस्थ झालेला माझा नवरा एका शनिवारी जाऊन मामांचा पासवर्ड बदलून आला. नवा पासवर्ड मनात म्हणायचा, अशी त्याने त्यांच्याकडून शपथ घेतली. आणि दुसऱ्याच दिवसापासून चौकटींचा सुळसुळाट झाला. आधी निरोपांच्या खिडकीने साइन इन करा म्हणून विचारलं, मग फोटोंनी विचारलं. "मी माझ्याच घरात खुर्चीवर बसलोय, आणि मला आत यायला नाव विचारतात," मामा फोनवर म्हणाले. मी सांगितलं, पासवर्ड बदलल्यावर एकदा असं होतंच, नवा टाका आणि विसरून जा. त्यांनी टाकला. त्या चौकटी थांबल्या. पण एक नवीनच चौकट सुरू झाली. रोज सकाळी नाश्त्याच्या वेळेला ती यायची आणि म्हणायची: कोणीतरी तुमच्या खात्यात साइन इन करू पाहत आहे. ते तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं. होय, मीच. नाही, मी नाही.

मामा खोटं बोलत नाहीत, त्यामुळे ते 'नाही, मी नाही' दाबत. पण प्रत्येक वेळी त्यांच्या जिवावर यायचं. फोनवर त्यांचा आवाज उतरलेला असायचा. "सूनबाई, रोज येतंय गं बिचारं. रोज नाही म्हणतोय मी." मामी मागून ओरडायच्या, "अहो, चोर आहे तो." त्यावर मामांचं म्हणणं, "चोर असा रोज नाश्त्याला बेल वाजवून येतो का?" पण मनातून तेही हादरले होते. त्या फोटोंत सासूबाईंचे जुने फोटो होते, पेरूची दोन वर्षं होती. कोणी आत शिरून ते पुसून टाकले तर? त्यांचं खाणं कमी झालं. मामा आरतीला गेले नाहीत, असं मामींनी सांगितलं, तेव्हा मी त्या रविवारी मेट्रो पकडून के. आर. पुरमला गेले. माझ्या मनाशी उपाय ठरलेला होता. खात्याच्या सेटिंगमध्ये 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा' असं एक बटण असतं. ते दाबलं की वाचनालय, झेरॉक्सचं दुकान, डॉक्टर, सगळीकडून मामा एका फटक्यात बाहेर. मग जो कोणी होता त्याचाही रस्ता कायमचा बंद.

मी धाकटीसमोर बसले आणि ते बटण शोधून काढलं. मामा शेजारी उभे होते. ते बटण त्यांनी वाचलं आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

"स्वल्प थांब. सगळ्यांनाच जा म्हणायचं?"

"मामा, दुसरा इलाज नाही."

"सरी, ठीक आहे. पण आधी बघ तरी कोण आहे. कोणाला घालवतोय ते माहीत नको?"

इतक्यात नेहमीच्या वेळेला ती चौकट आलीच. ते तुम्हीच आहात का? मामांनी सवयीने शर्टाचं बटण लावलं. चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरांत 'तपशील पाहा' असं लिहिलेलं होतं, तिकडे आजवर कोणाचं लक्ष गेलेलं नव्हतं. मी ते दाबलं. ठिकाण, बेंगळुरू. त्याचा काही उपयोग नाही, अख्खं शहर बेंगळुरूतच आहे. त्याखाली कंप्युटरचं नाव. इंग्रजी अक्षरांत 'थोरली', आणि त्यात एक एल जास्तीचा, मामांच्याच हातचा.

मी वाचलं आणि मागे पाहिलं. मामांनी चष्मा काढला होता, पुसत होते, पण पुसून पुन्हा लावत नव्हते. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या, वाकून पडद्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "मग भावोजीच असणार. त्यांचा कंप्युटर काही दाखवत नाही म्हणून सकाळपासून तोंड पाडून बसतात, अशी त्यांची पोरगी शुक्रवारी सांगत होती."

"मग तू बोलली का नाहीस?" मामा म्हणाले.

"त्यांचं नाव काढू नकोस म्हणालात ना."

आपण स्वतः सुरू न केलेल्या साइन इनला कधीही होय म्हणू नये, हे आम्हाला ऑफिसात दरवर्षी शिकवतात, आणि मी ते मामांना तिथे उभ्या उभ्या सांगितलंही. आधी फोन करा, बोला, मग बघू, असं सुचवलं. मामांनी फोनकडे पाहिलं. तो टेबलावरच होता, हाताच्या अंतरावर, पण दोन वर्षं तो जितका लांब होता तितकाच आत्ताही लांब आहे हे मला दिसत होतं. ते धाकटीपुढे बसले, चष्मा लावला आणि प्रश्न सावकाश मोठ्याने वाचला. "ते तुम्हीच आहात का?" मग जरा विचार केला आणि मला म्हणाले, "यात खोटं काय आहे गं? अण्णा म्हणजे मीच की." आणि 'होय, मीच' दाबलं.

चौकट नाहीशी झाली. मामी गॅस मंद करून आल्या. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत राहिलो, आणि काहीच होईना. मला उगाचच वाटायला लागलं की आपण चुकलो, खरोखरच कोणी चोर असेल आणि त्यानेही कंप्युटरचं नाव थोरली ठेवलं असेल. मग निरोपांच्या खिडकीत टुण्ण असं वाजलं. मामांचा स्वतःशीच बोलायचा एक कप्पा आहे, त्यात ते 'कॉफी पूड', 'हिचा चष्मा' असं आठवणीसाठी लिहून ठेवतात. त्या कप्प्यात, मामांच्याच नावाने, मामांच्याच फोटोसकट, एक शब्द येऊन पडला होता. कन्नड अक्षरांत. इकडच्या जुन्या मंडळींची शाळा कन्नडमध्ये झालेली, त्यामुळे ते मराठीही कन्नड लिपीत लिहितात. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मी नुसतीच ती दोन वाटोळी अक्षरं बघत राहिले. मामांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"काय लिहिलंय मामा?"

त्यांनी दोनदा घसा साफ केला. "येतो," ते म्हणाले. "येतो लिहिलंय."

दोन मेट्रो बदलून अण्णा जेवायच्या वेळेपर्यंत आलेसुद्धा. मामा फाटकाशी उभे होतेच. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, घरातही शिरले नाहीत, थेट बाजूच्या बोळातून मागच्या अंगणात गेले. आम्ही मागोमाग. पेरूच्या झाडाखाली उभं राहून त्यांनी वर बघितलं, तपासणी खात्यात बघत असतील तसं, आणि म्हणाले, "भिंतीकडची फांदी का तोडलीस? चांगली होती की. गेल्या पावसाळ्यात तिला चार फळं धरली होती."

मामा त्या फांदीच्या खुंटाकडे बघायला लागले. मीच कसंबसं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं अण्णा?"

"रोज बघत होतो की. थोरलीवर." अण्णा अजून वरच बघत होते. "ती आली तेव्हा उघडीच होती. याने काही बंद केलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी बंद करायला गेलो, तर पेरूचा फोटो आला. म्हटलं, उद्या करू." थोडं थांबून ते म्हणाले, "दोन वर्षं मी साइन आउट केलं नाही रे."

गॅसचा खटका दोनदा बघणारा माणूस. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अण्णा लगेच तक्रार करायला लागले. रोज ते मशीन विचारतंय, तुम्हीच आहात का, मी रोज हो म्हणतोय, आणि पलीकडून रोज नाही येतंय, हा कसला न्याय? मामा म्हणाले, मला काय माहीत तू आहेस. अण्णा म्हणाले, नाश्त्याच्या वेळेला माझ्याशिवाय तुझ्याकडे कोण यायचं? मामी म्हणाल्या, पानं वाढलीत. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. कोणी चोर नव्हता, फोटो जागच्या जागी होते, आणि मामांनी त्या दुपारी तीन वेळा सार मागून घेतलं. माझ्या हातून ते सगळ्यांना घालवायचं बटण दाबलं गेलं असतं तर, हा विचार मी जेवताना मनातून बाजूला सारला आणि आणखी एक वडा घेतला.

अण्णांना संध्याकाळी परत जायचं होतं. नातवंडं आहेत, तिथल्या डॉक्टरांचं औषध चालू आहे, आता मुक्काम यशवंतपूरलाच, हे मामांनाही समजत होतं. निघायची वेळ झाली तसा घरातला आवाज कमी झाला. मामी पेरूची पिशवी हातात देऊन दारातच थांबल्या. मामा फाटकापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. त्यांनी या वेळी काही शिकवलं नाही, काही म्हणवून घेतलं नाही. नुसते अण्णांच्या तोंडाकडे बघत होते.

"येतो," अण्णा म्हणाले. दोन पावलं गेले, वळले आणि पुन्हा म्हणाले, "येतो." रिक्षा कोपऱ्यावर उभी होती. तिच्यात बसण्याआधी त्यांनी हात वर केला आणि आणखी काहीतरी म्हणाले. मोठ्या रस्त्याच्या गोंगाटात ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण काय म्हणाले ते कळायला ऐकू येण्याची गरज नव्हती. मामा अगदी हळू आवाजात "सरी" म्हणाले.

रिक्षा दिसेनाशी झाल्यावरही ते फाटक धरून उभेच होते. दोघंही सत्तरीच्या पुढचे. यशवंतपूर लांब, मेट्रोचे जिने उंच. आणखी किती रविवार हे होईल, हा हिशेब मनात आला, तो मी तिथेच सोडून दिला. मागे घरात धाकटी बराच वेळ नुसतीच चालू होती. तिने टुण्ण केलं, आणि मामींनी आतून हाक मारली, "अहो, हे विचारतंय, तुम्ही अजून आहात का?"

"आहोत म्हणून सांग," मामा फाटकावरूनच म्हणाले. "दोघंही."